रोलप्लेइंग गेमचे, म्हणजे प्रत्येकानं एक पात्र बनून फाशांवर खेळायच्या गोष्टीच्या खेळाचे, नियम सोपे ठेवावेत की सविस्तर? खेळणारी पोरं आठवी-नववीची आहेत.

सोपेच ठेवा, पण सरसकट नको. पोरं जिथं थांबून विचार करतात, तिथं नियम वाढवा.

आमच्या यवतमाळकडच्या गावात दिवाळीच्या सुट्टीत पोट्टे ओसरीवर खेळायला बसतात. पहिल्या वर्षी मी अंधार, पाऊस, चिखल, जखम, प्रत्येकासाठी फाशाच्या आकड्यातून वेगळी वजाबाकी लावली होती. खेळातल्या वाघाच्या एका झडपेचा हिशेब होईस्तोवर दोघं उठून सीताफळं पाडायला गेले.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या प्रसिद्ध रोलप्लेइंग गेमच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतली युक्ती मला फार आवडते. परिस्थिती अनुकूल असेल तर वीस बाजूंचा फासा दोनदा टाकायचा, मोठा आकडा धरायचा. प्रतिकूल असेल तर लहान. ११ किंवा जास्त हवे असतील तर अनुकूल परिस्थितीत शक्यता ५० टक्क्यांवरून थेट ७५ वर जाते, बेरीज-वजाबाकी काहीच नाही.

गुंतागुंत मी खेळातल्या जंगलाच्या प्रवासाला दिली. पाणी, शिधा, मशालीचं तेल मोजायचं. मशाल तीनच फेऱ्या जळते, एवढ्या एका नियमावर पोट्टे अर्धा तास भांडतात: मागं फिरायचं की नदी ओलांडायची? तो वाद खेळाचा जीव आहे, त्याला कात्री लावू नका. लढाईचे तक्ते मात्र बिनधास्त काढून टाका.