रोझ की मॉर्मन? आधी अंग बघा, मग पंख

ताई, गुहागरच्या परसातल्या फुलपाखराचा तुमचा फोटो पाहिला. काळे पंख, मागच्या पंखांवर पांढरे डाग, कडेला लाल चंद्रकोरी, म्हणून तुम्ही त्याला कॉमन रोझ म्हटलंत आणि विचारलंत की मग हे कढीपत्त्यावर अंडी का घालतंय? रोझ कढीपत्त्यावर अंडी घालतच नाही. ही कॉमन मॉर्मन या वेगळ्या जातीच्या फुलपाखराची मादी आहे.

रोझचे सुरवंट ईश्वरीच्या वेलीवर वाढतात. त्या वेलीतलं विष त्यांच्या अंगात साठतं, फुलपाखरू झाल्यावरही राहतं आणि पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. मॉर्मनचे सुरवंट लिंबावर, कढीपत्त्यावर पोसतात, त्यांना हे संरक्षण नाही. म्हणून मॉर्मनच्या काही माद्या रोझचा वेश घेऊन फिरतात. मादीची रूपं तीन: एक नरासारखं, म्हणजे काळ्या मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची आडवी ओळ, दुसरं कॉमन रोझसारखं, तुमच्याकडचं हेच, तिसरं क्रिमसन रोझ या रोझच्याच दुसऱ्या जातीसारखं, पुढच्या पंखांवर पांढरे पट्टे असलेलं. मादी कुठलं रूप घेणार हे 'डबलसेक्स' नावाच्या एका जनुकावर ठरतं, हे फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं. मला हा शोध फार मोलाचा वाटतो.

आता ओळखायचं कसं? नक्कल झालीय ती पंखांची, अंगाची नाही. रोझचं डोकं आणि पोट लालभडक असतं. मॉर्मनचं अंग काळं, त्यावर बारीक पांढरे ठिपके. तुमचा दुसरा फोटो मोठा करून पोटाच्या टोकाकडे बघा, लालाचा मागमूस नाही. क्रिमसन रोझ आणि तिची नक्कल करणारी मादी यांनाही हीच खूण लागू आहे. मी पहिले दोन पावसाळे नुसते पंख बघून नोंदी केल्या आणि नंतर त्यातल्या बऱ्याच खोडाव्या लागल्या, कारण वरून काढलेल्या फोटोंत पोट सावलीत गेलं होतं. तेव्हापासून एक फोटो बाजूने घेतोच.

वागणंही बघण्यासारखं असतं. श्रावणात ऊन पडलं की कढीपत्त्याजवळ थांबा. मादी पंख फडफडत ठेवून पुढच्या पायांनी पान थोपटते, चव घेतल्यासारखं. पटलं तर पोट वाकवून एकच पिवळसर गोल अंडं चिकटवते आणि पुढच्या पानाकडे जाते.

किनाऱ्यालगत रुई असेल तर अशीच मूळ आणि नक्कल यांची आणखी एक जोडी नक्की भेटेल: प्लेन टायगर आणि डॅनेड एगफ्लायची मादी. दोन्ही नारिंगी, पुढच्या पंखाचं टोक काळं, त्यात पांढरा पट्टा. इथे मात्र पंखच उत्तर देतो. प्लेन टायगरच्या मागच्या पंखावर मधोमध काळे ठिपके असतात, मादीला तीन, नराला चार. एगफ्लायच्या मादीला मध्ये काही नसतं, फक्त वरच्या कडेजवळ एक काळा ठिपका. तिचा नर अगदीच वेगळा, काळ्यावर पांढरे मोठे डाग, त्यामुळे हे नर-मादी एकत्र दिसले तरी एकाच जातीचे वाटत नाहीत.

पिवळ्या लहान फुलपाखरांचं तुम्ही शेवटी विचारलंत, त्याला पंख मिटलेला फोटो हवा. पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, बुडाकडच्या, शिरांनी बंद झालेल्या कप्प्यात दोन खुणा असतील तर कॉमन ग्रास यलो, तीन असतील तर थ्री-स्पॉट ग्रास यलो. उघड्या पंखांवरून मी नाव सांगणार नाही.

कढीपत्त्याची ती फांदी आता काही दिवस तोडू नका. आमटीला दुसऱ्या फांदीची पानं घ्या. थोड्या दिवसांत पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर झटकू नका, तोच सुरवंट. मोठा होऊन हिरवा झाला की त्याचाही फोटो पाठवा.