जुनी टर्बो गाडी रोज वापरायची असेल तर

भावा, रिमॅप केलेली (पॉवर वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग, म्हणजे ट्यून, बदललेली) जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस रोज शिरोली एमआयडीसीला न्यायची असेल, तर आधी मूळ ट्यून परत टाक. वाढीव बूस्टवर, म्हणजे टर्बोच्या जादा हवेच्या दाबावर, क्लच घसरतो, इग्निशन कॉइल जातात, म्हातारे रबरी होज (पाइप) फाटतात.

टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदल. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकतात, मग हेड खोलावंच लागतं. ऑइल संप (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) उतरवून ऑइल ओढणाऱ्या पिकअपची जाळी साफ करून घे. तिथं गाळ साचला की टर्बोच्या बेअरिंगला ऑइल कमी पडतं. फुल सिंथेटिक 5डब्ल्यू-40 ऑइल दर 7,500 किलोमीटरला बदल. पॉवर कमी वाटली तर टर्बोला दोष देण्याआधी स्मोक टेस्ट (पाइपांत धूर सोडून गळती शोधणं) कर, बहुतेकदा होजच गळत असतो. गगनबावड्याचा घाट चढून आलास की मिनिटभर आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) ठेवूनच इंजिन बंद कर.