फलकाने जमीन जात नाही, तलावही वाचत नाही

प्रश्न : इंदूरजवळच्या गावात तलावाला लागून आमची वडिलोपार्जित शेती आहे. हिवाळ्यात बदकं उतरतात, काठावर टिटव्या अंडी घालतात. पंचायतीने जैवविविधता नोंदवहीत तलाव लिहिला, 'पक्षी संरक्षित क्षेत्र' असा फलक लावला आणि त्यात आमचा बिघाभर तुकडाही धरला. पलीकडचा कॉलनीवाला मात्र रात्री डंपरने मलबा टाकून काठ भरतोय. आमची जमीन जाईल का? त्याला अडवायचं कसं?
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : बिघ्यासाठी झोप उडवून घेऊ नका. जैवविविधता कायदा, 2002च्या कलम 37खाली जैवविविधता वारसा स्थळ जाहीर करायचं तर ते राज्य सरकारने, स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून, राजपत्रात करायचं असतं. ज्यांना त्याची आर्थिक झळ बसेल त्यांच्या भरपाईची योजनाही सरकारनेच करायची. नुसता फलक म्हणजे यातलं काहीच नव्हे. खसरा (जमिनीचा सर्व्हे) क्रमांक देऊन पंचायतीला लेखी हरकत कळवा, पोच घ्या.

पण याच कारणाने कॉलनीवालाही त्या फलकाला भीक घालणार नाही. नोंदवही पुरावा म्हणून कामाची, बंदी म्हणून नाही. तेव्हा आधी तलावाचा खसरा, नकाशा आणि निस्तार पत्रक (गावाच्या सामायिक हक्कांची नोंद) काढा. काठ सरकारी निघाला तर मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, 1959च्या कलम 248खाली तहसीलदाराकडे अर्ज करा. अतिक्रमण काढून दंड करायचा अधिकार त्याला आहे. सोबत सुप्रीम कोर्टाचा 2011चा जगपालसिंह निकाल जोडा. गावतळ्यावरचं अतिक्रमण पैसे घेऊन नियमित करण्याचा प्रकार त्यात बेकायदा ठरलाय.

बरेच जण लगेच 2017चे पाणथळ नियम पुढे करतात. जपून. सिंचनासाठी मुद्दाम बांधलेला तलाव त्या व्याख्येत बसत नाही, आणि समोरचा वकील पहिला घाव तिथेच घालील. इंदूरजवळचा यशवंत सागर जलाशयही बांधलेलाच, पण तो 2022पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत आहे. तुमच्या तळ्याला ते कवच नाही.

काठ त्याच्याच नावावर निघाला किंवा तहसीलदार हलला नाही, तर भोपाळचं हरित न्यायाधिकरण. हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम 14खालचा अर्ज वादाचं कारण घडल्यापासून सहा महिन्यांत करायचा, वर फार तर 60 दिवसांची सवलत. तलाव पूर्ववत करून मागायचा तर कलम 15, मुदत पाच वर्षं. तहसीलच्या तारखांमध्ये ते सहा महिने घालवू नका.

रात्री एकटे डंपर अडवायला जाऊ नका. सकाळी लोकेशन चालू ठेवून फोटो घ्या, मलब्यामागे ओळखू येईल असं झाड किंवा विजेचा खांब येऊ द्या. अंडी दिसली तर हात न लावता डीएफओंना (विभागीय वनाधिकाऱ्यांना) कळवा. अनुसूचीतल्या रानपक्ष्याची अंडी फोडणं, घरटं विस्कटणं हेही वन्यजीव कायद्यात शिकारीतच मोडतं.

आणि तुमच्या बांधाची माती तलावात ढकललेली असेल तर अर्जाआधी ती काढून घ्या. कॉलनीवाल्याकडेही मोबाइल आहे.