कापसाच्या बाजारपत्राला पैसे लावायचे की नाही?

प्रश्न : मी वणी तालुक्यातला कास्तकार. मुलगी २५ वर्षांची, बी.कॉम. एका जिनिंगमध्ये (कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात) तीन वर्षे हिशेब लिहायची. दोन हंगामांपासून दर शनिवारी ती कापूस, रुई आणि सरकीच्या बाजाराचे चार पानी पत्र ईमेलवर आणि व्हॉट्सॲपवर पाठवते. वाचणारे सहाशेच्या आसपास. बहुतेक जिनवाले, दलाल, तेलमिलवाले. कोणाकडून एक रुपया घेत नाही, आणि यंदा तर नोकरीही सोडली. फुकटच्या वस्तूला लोक किंमत देत नाहीत. एक तर तिने हे बंद करून एमपीएससीचा अभ्यास करावा, नाही तर दसऱ्यापासून महिन्याला ५०० रुपये लावावे आणि जो देईल त्यालाच पत्र द्यावे. नातेवाइकांना आणि स्थळ घेऊन येणाऱ्यांना मी एमपीएससीची तयारी सुरू आहे असेच सांगतो. पत्रावर नाव टाकू नको, असेही तिला सांगून ठेवले आहे. तिला समजवा.

उत्तर : भाऊ, पैशांचा प्रश्न सुटण्यासारखा आहे, त्यावर पुढे लिहितो. मला खटकले ते तुमचे शेवटचे सांगणे. मुलीने कमवावे अशी तुमची इच्छा आहे, आणि कमाई ज्यावर उभी राहणार ते तिचे नावच तुम्ही झाकून ठेवले आहे.

कापसाचा धंदा कसा चालतो ते तुम्ही चुकाऱ्यासाठी जिनवर थांबून पाहिलेच असेल. शंभर-शंभर गाठींचा सौदा फोनवर होतो. लेखी कागद मागाहून येतो. हे सगळे समोरच्या माणसाच्या नावावर चालते. बिननावाचे पत्र फुकट असेल तर तो जिनवाला वाचेल, चार जणांना पुढेही पाठवेल. पण पैसे द्यायची वेळ आली की पहिला प्रश्न हाच येणार : हे लिहिते कोण? भाव चुकला तर विचारायचे कोणाला? बिल कोणाच्या नावाचे? दोन हंगाम तिने पत्र लिहिले आणि त्याची ओळख तिच्या खात्यात जमाच झाली नाही. हे नुकसान फुकट वाटण्यापेक्षा मोठे आहे.

स्थळांचे म्हणाल, तर ते अधिकच अवघड आहे. परीक्षेची तयारी करणारी मुलगी म्हणून तुम्ही तिचे लग्न जमवाल, आणि लग्नानंतर ती रोज सकाळी बाजार समित्यांना फोन लावायला बसेल. तेव्हा घरच्यांना तोंड तिला द्यावे लागेल, तुम्हाला नाही. जे घर हे काम ऐकून मागे हटते, ते आधीच मागे हटलेले बरे. तुमच्या एवढ्या पत्रात तिला स्वतःला काय करायचे आहे याबद्दल एक शब्द नाही, हेही तुमच्या लक्षात आणून देतो.

एमपीएससीचे थोडक्यात : ती पदवीधर आहे, खुल्या प्रवर्गालाही ३८ वर्षांपर्यंत वयोमर्यादा आहे, तिला हवे असेल तर जरूर द्यावी. तुम्हाला हवे म्हणून देऊ नये.

आता ‘फुकटच्या वस्तूला किंमत नसते’ याविषयी. या धंद्यात हा समज उलटा पडतो. बातमीला किंमत नसते, ती तुम्ही कुलपात ठेवली तरी नसते. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला मध्यम धाग्यासाठी ७,७१० आणि लांब धाग्यासाठी ८,११० रुपये, हे सरकार स्वतः जाहीर करते. सीसीआय, म्हणजे सरकारचे कापूस महामंडळ, ८ टक्के ओलावा धरून पूर्ण भाव देते, त्यावर कपात करते आणि १२ टक्क्यांच्या वर कापूस घेत नाही, हे खरेदी केंद्रावर येणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क सप्टेंबरअखेरपर्यंत उठवले, मग ती सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. ही बातमी काही तासांत सगळ्यांच्या फोनवर होती. यासाठी ५०० रुपये कोणी देणार नाही आणि देऊही नये. पैसे मिळतात ते दोन गोष्टींचे : वेळेचे आणि हिशेबाचे.

वेळेचे असे. वणी, हिंगणघाट, पांढरकवडा, वरोरा इथला भाव खरेदी ऐन रंगात असताना कळला तर त्याला मोल आहे. संध्याकाळी तोच भाव फुकट आहे, शनिवारी तर तो शिळा आहे. मुलगी शनिवारी जे पाठवते ते फुकटच राहू द्या, पूर्ण चार पाने नसले तरी एक नीटनेटके पान. पैसे घ्यायचे ते हंगामात रोज सकाळी जाणाऱ्या छोट्या पत्रकाचे.

आणि हिशेब म्हणजे रुईची पडतळ, म्हणजे ती जिनवाल्याला किती रुपयांना पडते ते. समजावे म्हणून आकडे धरतो. एक क्विंटल कापूस ७,५०० रुपयांना घेतला, जिनिंग-प्रेसिंगसह खर्च ३०० आला. रुईचा उतारा ३४ किलो, सरकी ६४ किलो, घट २ किलो. सरकी ३,४०० रुपये क्विंटलने गेली तर २,१७६ रुपये सुटले. उरलेले ५,६२४ रुपये ३४ किलो रुईवर पडले, म्हणजे किलोला सुमारे १६५ रुपये ४० पैसे आणि ३५६ किलोच्या खंडीला सुमारे ५८,९०० रुपये. आता उतारा फक्त एक किलोने कमी, ३३ धरा. ती एक किलो सरकीत गेली असे माना. खंडी ६०,३०० च्या घरात जाते. खंडीमागे १,४०० रुपयांचा फरक. १७० किलोच्या शंभर गाठींच्या लॉटमध्ये पावणेअठ्ठेचाळीस खंड्या बसतात, म्हणजे ६७ हजारांच्या आसपास नफा-तोटा एका किलोच्या उताऱ्यावर फिरतो. पहिल्या वेचणीचा कापूस आणि फरदडीचा (हंगाम संपल्यावरही उभ्या ठेवलेल्या झाडांचा) कापूस यांचा उतारा एकच धरून सौदा करणारे जिनवाले इथेच मार खातात. ही पडतळ रोजच्या सरकीच्या भावाने, वेचणीनुसार वेगळी मांडून सकाळी हातात आली तर हंगामाचे ३,००० रुपये ही रक्कम जिनवाल्याला जड नाही. तीन वर्षे जिनमध्ये हिशेब लिहिलेल्या मुलीला हे काम येते. नुसत्या बातम्या जमवणाऱ्याला येत नाही.

महिन्याला ५०० ही तुमची आकारणीही बदला. विदर्भातली जिन दसरा-दिवाळीला सुरू होते आणि मार्च-एप्रिलला थंडावते. महिनेवारी ठेवली तर मे महिन्यात निम्मे लोक गळतील आणि ऑक्टोबरमध्ये प्रत्येकाला नव्याने मनवावे लागेल. ऑक्टोबर ते एप्रिल असा हंगाम विका, पैसे एकदाच आगाऊ यूपीआयने घ्या. मे ते सप्टेंबर शनिवारचे पान सगळ्यांना चालू ठेवा, त्यानेच पुढच्या हंगामाचे गिऱ्हाईक टिकते. एका जिनच्या तीन फोन नंबरांवर पत्रक द्या : मालक, मुनीम आणि खरेदीवर बसणारा माणूस. नाही दिले तरी पत्रक त्या तिघांकडे पोहोचणारच आहे, मग ते तुमच्या परवानगीने पोहोचलेले बरे. पानावर त्या जिनचे नाव छापले की बाहेर पाठवणारा थोडा कचरतो. यापुढे गळती रोखण्यात जीव घालू नये. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात आणि ज्याने तिचा नंबर सेव्ह केला त्यालाच निरोप जातो. ‘पत्र आले नाही’ या बहुतेक तक्रारी इथून येतात. पैसे घेतल्या दिवशीच नंबर सेव्ह करवून घ्यावा.

सहाशेपैकी पैसे देणारे किती निघतील? शंभरात पाच धरून चाला. तीस गिऱ्हाइके, हंगामाचे ९० हजार. वर्षावर पसरले तर महिन्याला साडेसात हजार. यावर घर चालत नाही, म्हणून नोकरी सोडणे मला घाईचे वाटते आणि ते मी तिलाही तसेच सांगेन. अर्धवेळ दोन-तीन जिनचे हिशेब घ्यावेत. फुकटच्या पानावर रोलर, बेल्ट, गाठींच्या पट्ट्या विकणाऱ्यांची जाहिरात घ्यायला हरकत नाही. दलालाची आणि रुई-सरकीच्या व्यापाऱ्याची मात्र एकही घेऊ नये. ज्याच्या भावावर लिहायचे त्याचेच पैसे घेतले, की तीस जणांना ते पहिल्या आठवड्यात कळते.

कायद्याचे दोन मुद्दे. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही; साधे बिल द्यावे, त्यावर जीएसटी लावू नये. दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा : हजर बाजाराचा भाव आणि पडतळ लिहायला अडचण नाही, पण पैसे घेऊन वायद्यात (पुढच्या तारखेच्या सौद्यांच्या बाजारात) ‘घ्या’, ‘विका’ असे सांगायचे तर सेबीची, म्हणजे शेअर आणि वायदे बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेची, नोंदणी लागते. गिऱ्हाईक हेच मागेल, वारंवार मागेल. तिथे ठाम नकार हवा.

तिची एक बाजू कच्ची असणार, ती म्हणजे धाग्याची पारख. लांबी, मायक्रोनेअर (धाग्याचा बारीकपणा), ताकद, कचरा हे हिशेबाच्या टेबलावर शिकता येत नाही. नागपूरला सिरकॉटचे (केंद्र सरकारच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे) जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे, तिथल्या प्रशिक्षणाची चौकशी तिने पावसाळ्यातच करावी. हंगाम सुरू झाल्यावर तिला वेळ मिळणार नाही.

आणि पैसे लावायची घाई दसऱ्याची नको. दसऱ्यापासून महिनाभर सकाळचे पत्रक सगळ्यांना फुकट, तिच्या पूर्ण नावाने आणि फोन नंबरासह जाऊ द्या. पहिल्याच अंकात लिहावे की महिन्याने हे सशुल्क होईल. आज फुकट असलेले उद्या अचानक बंद केले तर वाचणारे चिडतात; आगाऊ सांगितले तर चिडत नाहीत. हंगाम मध्येच सोडावा लागला तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत, हेही तिथेच छापावे.

पुढचे पत्र तिला लिहू द्या. सहाशेपैकी किती जण उलट फोन करून काही विचारतात, त्यातले किती जिनवाले आणि किती दलाल, आणि लोक सगळ्यात जास्त काय विचारतात, हे तिने कळवावे. दर किती ठेवायचा ते त्यावरून ठरवता येईल.