वाचकांचे प्रश्न : ‘खाजगी वन’ नोंद, गावठाणाजवळचे घर आणि बांधावरचा आंबा

प्रश्न : रायगड जिल्ह्यात आमची वडिलोपार्जित वरकस (डोंगरउताराची, हलकी) जमीन आहे. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत ‘खाजगी वन’ अशी नोंद निघाली. नोटीस आल्याचे घरात कोणालाच आठवत नाही. जमीन गेली का?

उत्तर : नोंद आहे म्हणून जमीन गेलीच असे नाही, आणि नोटीस आठवत नाही म्हणून ती वाचली असेही नाही. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ नुसार ३० ऑगस्ट १९७५ रोजी खाजगी वने शासनाच्या मालकीची झाली. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ३५(३) खाली (जमिनीच्या वापरावर निर्बंध घालण्यापूर्वी मालकाचे म्हणणे मागवणारी) नोटीस निघालेल्या जमिनीही ‘खाजगी वन’ या व्याख्येत आल्या. गोदरेज अँड बॉयस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०१४ रोजी स्पष्ट केले, की नोटीस नुसती काढून भागत नाही, ती मालकावर बजावलेली हवी. कारवाईविना वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या नोटिशीच्या जोरावर जमीन घेता येत नाही. मात्र ३० ऑगस्ट १९७५ रोजी जागेवर खरोखर जंगल असेल, तर हा एकच मुद्दा पुरणार नाही.

म्हणून आधी कागद गोळा करा. इतर हक्कांतील फेरफार (सातबाऱ्यावरील बदलाची नोंद) क्रमांकावरून त्या फेरफाराची प्रमाणित नक्कल काढा आणि त्यात कोणते कलम, कोणता आदेश लिहिला आहे ते वाचा. वन विभागाच्या उपवनसंरक्षक कार्यालयाकडे माहिती अधिकारात नोटिशीची प्रत, बजावणीची पोच, पंचनामा व ताबा पावती मागा. त्याच वेळी तहसीलच्या अभिलेख कक्षातून १९७० ते १९७६ या वर्षांचे सातबारे काढा. त्यांतील पीकपाहणीत नाचणी, वरी अशी पिके दिसली तर तुमची बाजू भक्कम होते. सगळीकडे ‘गवत’ किंवा ‘पड’ असेल तर कमकुवत.

येथे बहुतेकांची चूक ठरलेली असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली ‘लेखनदोष दुरुस्ती’चा अर्ज करतात आणि तो फेटाळला जातो. हा लेखनदोष नव्हे, मालकीचा वाद आहे. जमीन खाजगी वन आहे का आणि ती शासनाकडे गेली का, हे ठरवण्याचा अधिकार १९७५ च्या अधिनियमाच्या कलम ६ नुसार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. अर्ज तेथेच करा.

याच अधिनियमाचे कलम २२-अ देखील विसरू नका. संपादनामुळे मालकाची एकूण जमीनधारणा १२ हेक्टरपेक्षा कमी झाली असेल, किंवा ती आधीपासूनच कमी असेल, तर चौकशीअंती १२ हेक्टरच्या मर्यादेत जमीन परत देता येते. मुळात लहान खातेदारांसाठीच ही तरतूद आहे. मालकाने अर्ज करण्याची मुदत कधीच संपली आहे, पण जिल्हाधिकारी स्वतःहून चौकशी करू शकतात. त्यासाठी निवेदनासोबत त्या काळचे सर्व गावांतील ८-अ उतारे (खातेदाराच्या नावावरील एकूण जमीन दाखवणारे) जोडा. निकाल लागेपर्यंत त्या जमिनीत झाड तोडू नका, माती खणू नका. वनगुन्हा दाखल झाला तर मूळ वाद मागे पडतो.

प्रश्न : आमचे शेत गावठाणापासून दीडशे मीटरवर आहे. घर बांधायला बिनशेती परवानगी लागेल का?

उत्तर : गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड नुसार निवासी वापरासाठी रूपांतरित झाल्याचे मानले जाते. तहसीलदारांकडे अर्ज करा, रूपांतरण कर व अकृषिक आकारणी चलनाने भरा, मग सनद (बिनशेती वापराचा दाखला) मिळते. अंतर भूमी अभिलेखाच्या नकाशावरील गावठाण हद्दीपासून मोजतात. शेवटच्या घरापासून किंवा नव्या वस्तीपासून मोजून आलेले अर्ज अडकतात. जमीन भोगवटादार वर्ग-२ (हस्तांतरावर शासनाची अट असलेली) असेल तर आधी त्या अटीचा निकाल लावावा लागेल, नजराणा (शासनाला भरायची रक्कम) निघू शकतो. आणि सनद म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. ती वेगळी घ्यायची.

प्रश्न : बांधावरचा जुना आंबा वठला आहे. झाड आमचे, जमीन आमची, तरी परवानगी?

उत्तर : हो. ग्रामीण भागात महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू आहे आणि त्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, साग, खैर ही झाडे आहेत. वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करताना सातबारा, झाडाचा छातीच्या उंचीवरील घेर आणि वठलेल्या भागाचे फोटो द्या. बांध सामाईक असेल तर शेजाऱ्याची लेखी संमती आधीच जोडा. नसेल तर पाहणीच्या दिवशी हरकत निघते आणि प्रकरण लांबते. लाकूड बाहेर न्यायचे असेल तर वाहतूक परवान्याची चौकशीही त्याच भेटीत करून घ्या.