पोरगं ड्रॅगनचा हरवलेला देश शोधतंय, काळजी करावी का?

"मॅडम, मना पोऱ्या येडा तं नही ना व्हई गया?"

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्या आईनं विचारलं. वडील अजून दाराशी चप्पल काढत होते आणि मुलगा भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या नकाशासमोर उभा होता. चौथीतला, नऊ वर्षांचा. त्याला मी इथं हर्षल म्हणते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, घरच्यांना विचारूनच हे लिहिते आहे. मी समुपदेशनाचं काम करते; हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत मला वर्षभर कुणी ना कुणी विचारत असतं. कुणाची मुलगी पऱ्यांच्या शाळेत जाते, कुणाचा मुलगा रोज रात्री चंद्रावर दुकान उघडतो. "हे असं किती दिवस चालायचं?"

हर्षल ड्रॅगनचा देश शोधत होता. ड्रॅगनांना आपला देश सापडत नव्हता आणि तो शोधून देण्याचं काम त्याच्याकडे होतं. वह्यांच्या मागच्या पानांवर नकाशे, जेवताना ताटात कळण्याच्या भाकरीच्या तुकड्यांचे डोंगर. गॅलरीत एकटाच उभा राहून बोलायचा, मध्येच थांबायचा, समोरून उत्तर आल्यासारखी मान हलवायचा. शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच वर्गशिक्षकांनी डायरीत लिहून पाठवलं की लक्ष वर्गात नसतं. आत्यानं सुचवलं, बाहेरचं काही असेल, भगताला दाखवून आणा. वडिलांनी आधी मोबाईल काढून घेतला, मग नकाशांची वही माळ्यावर टाकली. दुसऱ्या दिवसापासून तो पेनानं हातावर नकाशे काढायला लागला. ते पाहून आई घाबरली आणि दोघं माझ्याकडे आले.

पहिल्या भेटीत मी त्याला विचारलं, "ड्रॅगनांना भूक लागली की काय खातात?"

"तापलेले दगड."

"मग आज त्यांच्यासाठी काही आणलंस का?"

तो हसला. माझी कीव केल्यासारखा. "मॅडम, ते खेळातलं असतं."

मला हे वाक्य ऐकायचं होतं. खेळ कुठं संपतो आणि घर कुठं सुरू होतं हे ज्या मुलाला ठाऊक असतं, त्याच्या नुसत्या कल्पनेची भीती बाळगायचं कारण नसतं. बाकी मी आईला विचारून घेतलं. हाक मारली तर येतो का? येतो. झोप, जेवण? ठीक. गल्लीत क्रिकेट खेळतो का? कधी कधी. रात्री घाबरून उठतो का, कानात आवाज येतात आणि ते मला काही करायला लावतात असं कधी म्हणाला का? नाही.

ही उत्तरं उलटी आली असती तर मी वेळ न दवडता त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. आवाजांची भीती वाटणं, येत असलेलं बोलणं किंवा अभ्यास एकाएकी मागे पडणं, देहभान न राहणं, स्वतःला इजा करणं, किंवा खेळातून बाहेर येताच न येणं, यातलं काही दिसलं तर वाट पाहू नये. ज्या गावातून तज्ज्ञ लांब पडतात तिथून सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करता येतो. पण ज्या आजाराच्या भीतीनं आई-वडील रात्र रात्र जागतात, तो स्किझोफ्रेनिया तेरा वर्षांच्या आत फार क्वचित आढळतो. काल्पनिक सोबती मात्र अगदी सर्रास आढळतात. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठातल्या मार्जोरी टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००४ मधल्या अभ्यासात, वयाच्या सातव्या वर्षापर्यंत सुमारे ६५ टक्के मुलांना कधी ना कधी असा सोबती होता. थोडी मोठी मुलं सोबत्यावर थांबत नाहीत, अख्खा देशच वसवतात. त्याला नावं देतात, कायदे करतात, नकाशे काढतात. हर्षल त्यांच्यातला होता.

आणि त्याचा देश काय देखणा होता! धुळ्याहून साक्रीकडे जाताना एसटीच्या खिडकीतून शेतांच्या मधोमध उठलेल्या काळ्या, लांबच लांब भिंतींसारख्या टेकड्या दिसतात. भूगोलात त्यांना डाइक म्हणतात. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वाहत होता, तेव्हा जमिनीच्या भेगांत शिरलेला रस तिथंच थिजला. आजूबाजूचा खडक झिजून गेला आणि ह्या टणक भिंती मागे राहिल्या. धुळे-नंदुरबारकडे त्या इतक्या आहेत की जगभरचे भूशास्त्रज्ञ त्यांचा अभ्यास करतात. हर्षलच्या मते ती झोपलेल्या ड्रॅगनांची पाठ होती. वाट पाहून पाहून ते दगड झाले. जे जागे राहिले त्यांना ऊब लागते, म्हणून त्यांचा देश चोपडा तालुक्यातल्या उनपदेवजवळ कुठंतरी असणार, कारण तिथं सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीतून गरम पाणी येतं. "खाली कुणीतरी श्वास सोडल्याशिवाय पाणी गरम होईल का?" त्यानं मला विचारलं. लक्ष नसलेल्या मुलाला हे सुचत नाही. शिक्षकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी परिसर अभ्यासाच्या तासाला त्याला फळ्याजवळ बोलावून टेकड्यांवर बोलायला लावलं. तक्रारीची डायरी त्यानंतर पुन्हा आली नाही.

मग माझ्या हातून चूक झाली. तीच इथं सांगायची आहे, कारण ती आई-वडीलही करतात, आणि चांगल्या मनानंच करतात.

बोलण्या-बोलण्यात कळलं होतं की हे कुटुंब आधी साक्री तालुक्यातल्या एका गावात मोठ्या घरात राहायचं. दिवाळीनंतर दोघा भावांत वाटणी झाली. ओसरीच्या मधोमध भिंत आली, विहिरीच्या पाळीवरून बोलणं तुटलं, आणि धाकट्यानं, म्हणजे हर्षलच्या वडिलांनी, एमआयडीसीतल्या नोकरीच्या सोयीनं धुळ्यात देवपूरला बिऱ्हाड केलं. मला वाटलं, सापडलं उत्तर. तिसऱ्या भेटीत मी विचारून बसले, "हर्षल, ड्रॅगनांचा देश म्हणजे तुमचं गावाकडचं घर आहे का रे?"

त्यानं खडू खाली ठेवला. "नाही," म्हणाला. त्यानंतरच्या दोन भेटींत त्यानं एक रेघ ओढली नाही. ड्रॅगनचा विषय काढला की "आता नाही खेळत" एवढंच.

डोनाल्ड विनिकॉट हे इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. लहान मूल ज्या गोधडीला किंवा बाहुलीला कवटाळून झोपतं, तिच्याविषयी त्यांनी १९५३ मध्ये छापून आलेल्या लेखात एक गोष्ट मांडली. ही तुला मिळाली की तू मनानं रचलीस, हा प्रश्न मुलाला कधीच विचारायचा नसतो, आणि मोठ्यांनी हा करार न बोलता पाळायचा असतो. हे मी शिकले होते, इतरांना शिकवलंही होतं. तरी मी तो करार मोडला. मी त्याच्या ड्रॅगनांवर माझा अर्थ लादला. "हे सगळं खोटं आहे" म्हणणं आणि "मला कळलं याचा अर्थ काय ते" म्हणणं, दोन्हींनी मुलाच्या हातून त्याचा खेळ जातो. आणि माझा अर्थ चुकीचाही होता.

पुढच्या शनिवारी मी त्याची माफी मागितली. म्हटलं, मी घाई केली, ड्रॅगनांच्या गोष्टीत मी तुला विचारल्याशिवाय शिरायला नको होतं. तो काही बोलला नाही. निघताना मात्र दारातून वळला, "ते अडकलेत."

"कोण?"

"ड्रॅगन. पुढं जाता येत नाही."

"का?"

"नकाशा अर्धाच आहे."

"आणि उरलेला?"

"दादाकडे."

दादा म्हणजे चुलतभाऊ, त्याच्याहून वर्षानं मोठा. वाटणीच्या आधीच्या उन्हाळ्यात दोघांनी हा खेळ रचला होता. जुन्या कॅलेंडरच्या पानामागं नकाशा काढला, मधून फाडला, अर्धा अर्धा ठेवला. नियम असा की दोन्ही राखणदार हजर असल्याशिवाय वाट उघडत नाही. हर्षल गॅलरीत कुणाशी बोलतो, हे तेव्हा मला कळलं. तो दादाची वाक्यं दादाच्या वतीनं स्वतः म्हणत होता. त्याला ओसरीची, विहिरीची, घराची तितकी आठवण येत नव्हती. त्याला भिडू हवा होता.

माझ्या पहिल्या दिवसाच्या कागदावर ह्या मुलाचा कुठं उल्लेखच नव्हता. "घरात कोण कोण?" असं मी विचारलं होतं, आणि "आम्ही तिघं" हे उत्तर खरंच होतं. तेव्हापासून मी पुढं एक प्रश्न जोडते: आधी कोण कोण होतं?

आई-वडिलांना मी ड्रॅगनांविषयी काही उलगडून सांगितलं नाही. हर्षलनं परवानगी दिली होती तेवढंच सांगितलं, की खेळ दोघांचा आहे आणि त्याला दादाला भेटायचंय. वडील बराच वेळ खिडकीकडे पाहत होते. "मोठ्यांच्या भांडणात पोरांना आम्ही कुठं अडवलं?"

"तुम्ही म्हणाले होते ना," आई हळूच म्हणाली, "तिकडं पाय ठेवायचा नाही."

वडिलांची मान खाली गेली. मी त्यांना भावाशी समेट करा असं म्हटलं नाही. ते माझं काम नव्हतं, आणि विहिरीच्या पाळीचा निकाल समुपदेशनाच्या खोलीत लागत नाही. एवढंच विचारलं की दोन पोरांची भेट होईल असा एखादा दिवस आहे का.

उत्तर आईनं दिलं. कानबाई. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई देवी बसते, सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. तिच्या प्रसादाचे रोट भाऊबंदांनी एकत्र बसून खायचे असतात, बाहेरच्याला ते देत नाहीत. घरातल्या माणसांच्या नावानं मोजून गहू घेतात, त्या मोजणीत कुणाला वगळता येत नाही. ओसरीत भिंत आली तरी कानबाई एकच होती, थोरल्याकडे. वडील म्हणाले, "कानबाईले तं जानंच पडी."

तोवरच्या दिवसांत घरी काय करायचं ते आम्ही ठरवलं. माळ्यावरची वही खाली आली. अभ्यासाची वेळ अभ्यासाची, त्यानंतरची वेळ ड्रॅगनांची, आणि तेव्हा कुणी टोकायचं नाही. वडिलांना मी एकच सांगितलं, की रोज एखादा प्रश्न विचारा, पण खेळाच्या आतला. खरं का खोटं, असं विचारू नका. पहिल्या रात्री त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी विचारलं, "त्यांना रस्त्यात पाणी कोण पाजतं?" हर्षल अर्धा तास बोलत होता, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज जड झाला होता.

कानबाईनंतरच्या शनिवारी हर्षल आला तो रागातच. नकाशाचे तुकडे जुळले नव्हते. दादानं ह्या आठ-नऊ महिन्यांत एकट्यानं खेळ पुढं नेला होता, आणि त्याच्या अर्ध्यात देश उनपदेवला नसून धुळ्याजवळच्या लळिंगच्या किल्ल्याखाली होता. रोट खाताना दोघं कडाकडा भांडले, आजीनं दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घातला. मग मागच्या अंगणात बसून त्यांनी तह केला: लळिंग ही वाटेतली चौकी, देश उनपदेवलाच. दादाला एक जास्तीचा ड्रॅगन द्यावा लागला.

भावांचं बोलणं अजून कामापुरतंच आहे. भिंत आहे तिथंच आहे. पण दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वडील हर्षलला एसटीनं गावी नेतात आणि संध्याकाळी परत आणतात. गॅलरीतलं बोलणं हळूहळू कमी झालं. नकाशे मात्र वाढले आहेत, आणि आईला आता त्यांची भीती वाटत नाही.

शेवटच्या भेटीत त्यानं मला विचारलं, धुळ्याहून उनपदेवला जायला गाडी कुठं बदलावी लागते. चोपड्याला उतरून पुढं अडावदकडची गाडी धरायची, मी सांगितलं. त्यानं ते नकाशाच्या कडेला लिहून घेतलं.