वाचक विचारतात: जुनी इंजिने, जुने डबे

प्रश्न: आमच्या कारखान्याच्या फाटकाशी चौथऱ्यावर एक छोटे वाफेचे इंजिन उभे आहे. दर दिवाळीला काळा रंग मारतो, पण पुढचा पावसाळा संपेपर्यंत धुरांड्याखालचा रंग फुगतो आणि गंज वर येतो. इंजिन चालवायचे नाही, फक्त टिकवायचे आहे. कोणता रंग वापरावा?
– एक वाचक, तुर्भे एमआयडीसी

उत्तर: रंगाचे शेवटी पाहू. आधी पाणी कुठे साठते ते शोधा, कारण तुम्ही वर्णन केलेला गंज आतून बाहेर येतो आहे. धुरांड्याचे तोंड उघडे असले की पाऊस थेट स्मोकबॉक्समध्ये, म्हणजे धुरांड्याखालच्या धुराच्या पेटीत पडतो. तळाशी वर्षानुवर्षांची राख घट्ट बसलेली असते. कोळशाच्या राखेत गंधक असते. ती भिजली की आम्लासारखी वागते आणि पत्रा कुरतडते. बाहेर फुगवटा दिसतो तेव्हा आतला पत्रा बराच पातळ झालेला असतो.

स्मोकबॉक्सचे दार उघडून राख पूर्ण काढा, गोड्या पाण्याने धुवा, वाळू द्या. तळाच्या सर्वांत खोल जागी 12 मिमीचे भोक पाडा, म्हणजे पुढे पाणी शिरलेच तरी थांबणार नाही. धुरांड्यावर पत्र्याची टोपी बसवा, पण खाली दोन बोटे फट सोडा. तोंड पक्के बंद केले तर आत दमटपणा कोंडतो आणि पत्र्याला घाम फुटतो. सिलिंडरचे ड्रेन कॉक, पाण्याच्या टाकीचा तळातला प्लग आणि राखपेटीचे झाकण कायम उघडे असू द्या. चौकटीत जिथे दोन पट्ट्या मिळून खोबण तयार होते, तिथे बोट घालून पाहा. ओल लागली तर तिथेही भोक हवे.

बॉयलरवरच्या पत्र्याच्या वेष्टणाखाली काय आहे, ते घाईने उघडून पाहू नका. जुन्या इंजिनांवर तिथे बहुधा ॲस्बेस्टॉस असते. आधी नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या. ॲस्बेस्टॉस निघाले तर ते काम त्याचे प्रशिक्षण असलेल्या माणसांनीच, ओले करून, करायचे आहे. नुसत्या प्रदर्शनाच्या इंजिनाला उष्णतारोधक थराची गरज नसते. उलट तो ओल धरून ठेवतो आणि बॉयलरचा पत्रा खाली गुपचूप गंजतो. थर काढून टाका आणि वेष्टणाचा पत्रा छोट्या आधारांवर, हवा खेळेल असा, परत बसवा.

आता रंग. तुर्भ्याला खाडीची खारट हवा आहे, शिवाय कारखान्यांचा धूर. खरवडण्याआधी संपूर्ण इंजिन गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतले नाही, तर मीठ रंगाखाली अडकते, ओल ओढून घेते आणि वर्षभरात तिथेच फोड येतात. जुन्या थरांमध्ये शिसे असण्याची शक्यता धरून चाला: कोरडे ग्राइंडिंग नको, ओले करून खरवडा, मास्क वापरा आणि निघालेला चुरा गोळा करून वेगळा ठेवा.

पत्रा ब्लास्टिंग (वाळूचा जोरदार मारा) करून चकचकीत झाला असेल तरच झिंक-रिच इपॉक्सी प्रायमर घ्या, साधारण 60 ते 75 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्याच्यावर 100 ते 125 मायक्रॉनचा हाय-बिल्ड इपॉक्सी आणि शेवटी 50 मायक्रॉन पॉलियुरेथेन. ब्लास्टिंग करताना बेअरिंग, पिस्टन रॉड आणि तेलाची भोके आधी झाकून घ्या, वाळूचा एक कणही आत जाता कामा नये. ब्लास्टिंग शक्य नसेल, फक्त तारेच्या ब्रशने साफ करणार असाल, तर झिंकवाला प्रायमर वाया जाईल. जस्ताला उघड्या लोखंडाचा स्पर्श लागतो, गंजावर ते काहीच करत नाही. अशा वेळी हाताने साफ केलेल्या पृष्ठभागासाठी मिळणारा इपॉक्सी मॅस्टिक बरा.

रंगकाम नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत करा, तेही सकाळी दहानंतर आणि चारच्या आत. हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांखाली आणि लोखंडाचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरू लागते त्यापेक्षा) किमान 3 अंश जास्त असले पाहिजे. जाड लोखंड रात्रभर गार होते. सकाळी हवा कोरडी वाटली तरी त्याच्यावर दव असते, बोट फिरवले की कळते. ब्लास्ट केलेला भाग त्याच दिवशी प्रायमरखाली गेला पाहिजे.

कनेक्टिंग रॉड, कपलिंग रॉड, पिस्टन रॉड यांना रंग लावू नका. काळा रंग फासलेले रॉड फार ठिकाणी दिसतात आणि वाईट वाटते. त्यांना घट्ट ग्रीस किंवा लॅनोलिनचा लेप द्या, मे महिन्यात एकदा आणि पाऊस संपल्यावर एकदा. जुना लेप रॉकेलने पुसून मगच नवा.

प्रश्न: आमच्याकडच्या इंजिनाबद्दल जुनी माणसे सांगतात की ते 1853 च्या पहिल्या गाडीचे आहे. खरे असेल का? ज्या रुळांवर ते उभे आहे, त्यांच्यातले अंतर आतून 61 सेंटीमीटर भरते.
– एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर: नाही, आणि तुमच्या मोजमापानेच निकाल लागतो. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला आलेली गाडी साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ओढली होती, आणि जीआयपीचा (ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा) तो मार्ग ब्रॉडगेज होता, म्हणजे 1676 मिमी. तुमचे इंजिन दोन फुटी नॅरोगेजचे आहे. 1907 मध्ये सुरू झालेल्या नेरळ–माथेरान मार्गाचे माप तेच. कारखान्यांतल्या, खाणींतल्या कित्येक लाइनीही याच मापाच्या असत.

खरी ओळख सुट्या भागांवर सापडते. निर्मात्याची पितळी पाटी बहुतेक वेळा चोरीला गेलेली असते, पण कपलिंग रॉडची टोके, स्लाइड बार आणि व्हॉल्व गिअरच्या दांड्यांवर नंबर ठोकलेले असतात. ग्रीस पुसा, बारीक पॉलिश पेपर हलका फिरवा, वर खडू घासा, अंक उठून दिसतील. सगळीकडे एकच नंबर असेल तर तो बहुधा निर्मात्याचा कारखाना क्रमांक. दोन-तीन वेगळे निघाले तरी निराश होऊ नका. वर्कशॉपमध्ये एका इंजिनाचा रॉड दुसऱ्याला लावणे नेहमीचेच होते. जो नंबर जास्त ठिकाणी दिसतो, तिथून शोध सुरू करा.

प्रश्न: खासगी मालकीचे एक इंजिन पुन्हा वाफेवर आणायचा आमच्या गटाचा विचार आहे. पाण्याच्या दाबाची चाचणी केली, गळती नाही. आता आग लावायला हरकत आहे का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर: हरकत आहे, मोठी हरकत आहे. दाबाची चाचणी एवढेच सांगते की बॉयलर आज गळत नाही. पत्रा किती उरला आहे, हे ती सांगत नाही. तुम्ही क्रम उलटा केला आहे.

आधी सगळे वॉशआउट प्लग आणि चिखलाची झाकणे काढून बॉयलर आतून धुवा, क्षार उतरवा, दिवा घालून पाहा. मग अल्ट्रासॉनिक उपकरणाने वीत-वीत अंतरावर जाडी मोजा आणि आकडे नकाशावर लिहा. फायरबॉक्सचा (आग पेटते त्या पेटीचा) तळ, वॉशआउट भोकांच्या कडा, बॅरलचा (बॉयलरच्या गोल नळकांड्याचा) खालचा भाग आणि स्मोकबॉक्सकडची ट्यूबप्लेट (ट्यूबांची टोके बसतात तो पत्रा) इथे जवळजवळ मोजा. गंज सगळीकडे सारखा लागत नाही. सरासरी चांगली आणि एकच जागा कागदासारखी, असे असू शकते. ट्यूब जुन्या असतील तर सगळ्या बदला, तेवढ्यानेच बॅरलचे पोट नीट पाहता येते.

त्यानंतर स्टे, म्हणजे भिंती बांधून ठेवणाऱ्या छोट्या दांड्या. फायरबॉक्सची आतली आणि बाहेरची भिंत शेकडो स्टेंनी एकमेकींना बांधलेली असते. आतली भिंत जास्त तापते, जास्त वाढते, त्यामुळे प्रत्येक वेळी वाफ धरताना आणि गार होताना स्टे थोडा वाकतो. वरच्या ओळी आणि कोपरे यांना हा त्रास सर्वाधिक, म्हणून तुटतात ते बहुधा तिथेच, बाहेरच्या भिंतीलगत. हलक्या हातोडीने ठोकून ऐका: धड स्टे खणखणतो, तुटलेला बद्द वाजतो. अनेक स्टेंच्या टोकाला बारीक भोक असते. स्टे तुटला की त्यातून पाणी झिरपते, इशारा देण्यासाठीच ते ठेवलेले असते. गळती थांबवायला कुणी ते वेल्डिंगने बुजवलेले दिसले, तर तो स्टे तुटलेला आहे असे समजूनच पुढे जा. शेजारचे दोन तुटलेले असतील तर भोवतीच्या स्टेंवरचा भार एकदम वाढतो.

फ्यूजिबल प्लग नवे घाला. पाणी कमी पडले की त्यातले शिसे वितळून वाफ आगीवर येते. पण प्लगवर क्षाराचा थर साचला असेल, तर ऐन वेळी त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

एवढे झाल्यावर दाबाची चाचणी, कामाच्या दाबाच्या दीडपट. भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूपी किंवा डब्ल्यूजी वर्गाच्या इंजिनाचा कामाचा दाब दर चौरस सेंटीमीटरला 14.7 किलो, म्हणजे चाचणी सुमारे 22 किलोला. पाणी भरताना सर्वांत वरचा प्लग सैल ठेवून हवा पूर्ण घालवा. हवेने दाब देण्याचा विचारही नको. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे काही फुटले तर काटा खाली येतो आणि प्रकरण थांबते. दाबलेली हवा मात्र स्फोट होऊन सुटते. दाबमापक दोन हवेत, दोन्ही कॅलिब्रेट केलेले.

कायद्याची बाजू सुरुवातीलाच सांभाळा. रेल्वेच्या ताब्यातली इंजिने रेल्वेच्या नियमांनी चालतात. खासगी बॉयलर 25 लिटरपेक्षा मोठा आणि 1 किलोपेक्षा जास्त दाबाचा असेल, तर राज्याच्या बाष्पके संचालनालयाकडे नोंदणी आणि तपासणी लागते. दुरुस्तीआधीच निरीक्षकांना आराखडे दाखवा. वेल्डर बॉयलरचे प्रमाणपत्र असलेलाच हवा आणि प्लेटचे कागद जपून ठेवा. काम उरकल्यावर परवानगी मागायला गेलात, तर चांगले वेल्डिंगही कापून पुन्हा करावे लागू शकते.

परवानगी मिळाली की पहिली आग अगदी लहान, लाकडाची. पहिल्या दिवशी फक्त पाणी कोमट करून थांबा, दुसऱ्या दिवशी हळूहळू दाब घ्या. घाईने तापवलेल्या बॉयलरच्या ट्यूबा ट्यूबप्लेटशी गळू लागतात. पाणी महापालिकेचे वापरा, बोअरचे टँकर नकोत. खाडीकाठच्या बोअरच्या खाऱ्या पाण्याने फेस येतो आणि पाणी वाफेबरोबर सिलिंडरमध्ये जाते. पिस्टनपुढे पाणी सापडले तर सिलिंडरचे झाकण फुटू शकते.

प्रश्न: आमच्या संस्थेकडे सागवानी पॅनेलचा जुना डबा आहे. खिडक्यांखालच्या लाकडात बोट घुसते. लांबी (पुट्टी) भरून पॉलिश केले तर चालेल का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर: लांबी भरू नका, ती आतल्या ओलीला झाकण घालते. खिडकीचे तावदान खाली सरकते त्या खोबणीच्या तळाशी पाणी जायला भोके असतात. ती धूळ आणि रंगाने बुजलेली असतील, कुजण्याचे मूळ बहुतेक तिथेच आहे. आतले पॅनेल काढा, भोके मोकळी करा.

कुजलेला भाग टणक लाकूड लागेपर्यंत कापा आणि नवा तुकडा तिरक्या सांध्याने जोडा, उतार एकास आठ. सागवान तेलकट असल्याने चिकटवण्याआधी दोन्ही बाजू ॲसिटोनने पुसा आणि लगेच इपॉक्सी लावा. अर्धा तास रेंगाळलात तर तेल पुन्हा वर येते. नवे लाकूड 12 ते 14 टक्के ओलीचे असावे, मीटर लावूनच घ्या. स्क्रू पितळी, पण आधी भोक पाडून त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा फिरवून काढा. थेट बसवलेल्या पितळी स्क्रूची मान सागवानात हमखास तुटते. दारे बसवताना चारी बाजूंनी दोन मिमी फट सोडा, नाहीतर जुलैत ती उघडणार नाहीत.